एका मिलिमीटरचं टेन्शन

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ पटकावलं आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच ऑफिसवाल्यांना शूटिंगचा किडा चावला. छानच झालं. पण बॉस, रायफल हातात आली की पहिल्याच महिन्यात एक प्रश्न डोकं खातो, तो आत्ताच सांगून ठेवते. मागच्या साइटचं भोक केवढं ठेवायचं?

या रायफलींवर दुर्बीण नसते. डोळ्याजवळ पीप साइट, म्हणजे बारीक भोकाची चकती. नळीच्या टोकाला एक रिंग. आणि पलीकडे टार्गेटचा काळा गोळा. तिन्ही गोल एकात एक बसवायचे, की झाडायची. लोचा असा की डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. बारीक भोक इथे कॅमेऱ्याचं काम करतं. ॲपर्चर लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी शार्प येतं, पण फोटो काळवंडतो. मोठं केलं की उजेड भरपूर, पण कडा विरघळतात आणि डोळा भोकाच्या मध्यावर आहे की नाही ते कळत नाही.

म्हणून मागे आयरिस लावतात. फिरवली की भोक लहान-मोठं होतं. सुरुवात १.१ किंवा १.२ मिमीपासून करा. रिंगची कड धारदार दिसेपर्यंत बारीक करत जा. पांढरा कागद करडा दिसायला लागला की थोडं मागे या. झालं. आणि मग दर शॉटला फिरवत बसू नका, प्लीज! उजेड बदलला तरच हात लावायचा.

पुढच्या रिंगचा हिशोब वेगळा, आणि तो घरबसल्या करता येतो. १० मीटर एअर रायफलचा काळा गोळा ३०.५ मिमीचा. डोळ्यापासून रिंग साधारण ९० सेंटिमीटरवर धरली, तर तिथे हा गोळा जेमतेम २.७ मिमीचा दिसतो. ३ मिमीची रिंग लावली तर भोवती उरली ०.१५ मिमीची पांढरी फट. नवशिक्यांना वाटतं टाइट म्हणजे अचूक. उलट होतं. हात जरा हलला की फट गायब, मग माणूस नेम धरून धरून थकतो आणि घाईत ट्रिगर ओढतो. ४ मिमीच्या आसपासची रिंग लावा, सुखी राहाल.

एवढं ज्ञान मला माणगावात मिळालं. ॲथेन्स २००४ ची फायनल खेळलेल्या सुमा शिरूर यांनी पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब काढला, तेव्हापासून रायगडमध्ये हा खेळ अगदीच परका राहिलेला नाही. माझी मैत्रीण आठवडाभर ऐरोलीत कोडिंग करते आणि शनिवारी हायवेचं ट्रॅफिक झेलत माणगावला घरी येते. घर जुनं, कौलारू, लांबलचक. पडवीतून माजघर पार करून मागच्या खोलीच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर भरतात. तिथे लोखंडी पेलेट ट्रॅप, वर एक ट्यूबलाइट. मागचं दार बंद, कडी लावलेली. तिची आई या वेळात शेजारी जाऊन बसते.

रायफल एक, डोळे दोघांचे. कारण काकांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू चालवली होती. रिटायर झाल्यावर ती हौस परत उफाळून आली. ही आयरिस १.२ ला ठेवून जाणार, काका आठवडाभरात ०.८ वर आणणार. मग शनिवारी वाद.

"बाबा, तुम्ही परत हात लावलात ना?"

"अगं, मला तो गोळा धुरकट दिसतो. बारीक केलं की जरा बरं वाटतं."

यात काकांचं चुकत नव्हतं. वय वाढलं की डोळ्याची फोकस बदलायची ताकद कमी होते, त्यामुळे बारीक भोक मदत करतं. पण वयाबरोबर डोळ्याला उजेडही जास्त लागतो, आणि पावसाळ्यात माणगावच्या त्या माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो. म्हणजे दोन्हीकडून कोंडी. हिनं भिंतीवर पेन्सिलनं दोघांचे आकडे लिहून ठेवले. काकांचा आकडा दर आठवड्याला खोडलेला. ०.८, १.०, १.४, परत ०.९. शेवटी महागातली आयरिस घ्यायचं ठरत होतं.

काकांनी एकदा सहज सांगितलं, की भोक कितीही ठेवलं तरी ट्यूबलाइटचा उजेड फिसकटतो. मैत्रिणीनं त्याच दिवशी आयरिसची ऑर्डर थांबवली आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे काय केलं माहितीये? काकांच्या डोळ्यासमोर बारीक भोकाची काळी चकती धरली! पिनहोल टेस्ट. भोकातून अक्षरं स्पष्ट झाली तर बहुतेक नंबरचा प्रश्न, चष्म्यानं सुटतो. नाही झाली तर कारण दुसरीकडे शोधायचं. काकांच्या उजव्या डोळ्याला, नेमाच्या डोळ्याला, काडीचा फरक पडला नाही. मोतीबिंदू निघाला. डावाही त्याच वाटेवर.

उजव्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत रायफल कपाटात, किल्ली काकूंकडे. आत बसवलेली लेन्स लांबचं बघायला सेट केलेली, फोकस बदलत नाही. त्यामुळे काळा गोळा आता लख्ख, पण पुढची रिंग मऊ दिसते. तिला धार आणायला परत बारीक भोकच लागलं. १.० वर काका स्थिरावलेत आणि हा आकडा अजून खोडलेला नाही. डाव्या डोळ्याचं गणपतीनंतर बघायचं ठरलंय. तोवर शनिवार तिचा, रविवार काकांचा.