अप्रिय सल्ल्याचा व्यवसाय

५ सप्टेंबर १९२९ रोजी रॉजर बॅबसन यांनी एका व्यापारी परिषदेत, अमेरिकेतील शेअर बाजार आज ना उद्या कोसळणार, असे बजावले. त्याच दिवशी भाव घसरले. येल विद्यापीठातील आयर्विंग फिशर यांच्यासारख्या अर्थपंडितांनी हे भाकीत झिडकारले. ऑक्टोबरअखेर बाजार खरोखरच कोसळला.

म्हणून बॅबसन यांना द्रष्टा ठरविणे आम्हांस मान्य नाही. असे इशारे ते आधीपासून देत होते आणि भाव चढतच राहिले होते. त्यांचे लवकर ऐकणाऱ्याचा नफा हुकलाच. (पुढे १९४८ मध्ये गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी संशोधन प्रतिष्ठानही याच गृहस्थांनी काढले!) त्यांचे खरे कर्तृत्व व्यवसायाच्या रचनेत आहे. १९०४ मध्ये, क्षयाच्या दुखण्यातून सावरत असताना, त्यांनी शेअर व रोख्यांची आकडेवारी संकलित करून वर्गणीदारांना पुरविणारी संस्था स्थापन केली. मिळकत वर्गणीची असल्याने ग्राहकाने खरेदी केली काय नि न केली काय, दलाली बुडण्याचे भय नव्हते. ‘घेऊ नका’ असे सांगणे त्यांना परवडत होते.

आपल्याकडे सेबीने २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी नियमावली केली. २०२० मध्ये एकाच ग्राहकाला सल्ला देऊन वर त्यालाच गुंतवणूक योजना विकण्यास मज्जाव केला. तत्त्व तेच. मात्र सल्ल्याचे शुल्क म्हटले की आपल्या मध्यमवर्गाच्या कपाळावर आठी उमटते, आणि फुकट ‘टिप’ देणाऱ्याची मिळकत कोठून होते, हे तो विचारीतही नाही.