भुयारी स्थानकांच्या भिंती आणि मऊ मातीचा भार

दि. २६ मे २०२५ रोजी मुंबईत मान्सून नोंदीतील सर्वात लवकर दाखल झाला आणि प्रवाशांसाठी खुले होऊन महिनाही न झालेल्या वरळीच्या आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानकात चिखलपाणी शिरले. काम अपूर्ण असलेल्या एका प्रवेशमार्गाजवळ पाणी अडविण्यासाठी उभारलेली काँक्रीटची भिंत अचानक आलेल्या पाण्याने कोसळल्याचे मेट्रो प्रशासनाने स्पष्ट केले. चित्रफिती गावोगावी पोहोचल्या, आरोप-प्रत्यारोप झाले आणि विषय मागे पडला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. ती भिंत तात्पुरती होती, स्थानकाची मुख्य भिंत नव्हे, हा भेद त्या गदारोळात फारसा कोणी लक्षात घेतला नाही. मात्र जमिनीखाली वीस-तीस मीटर खोल खड्डा खणताना त्याच्या कडा कशा उभ्या राहतात, हा प्रश्न त्यानिमित्ताने समजून घेण्याजोगा आहे.

सोयगाव तालुक्यातील वाचकांना जमिनीची ओळख वेगळ्या रीतीने आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. विहीर खणताना वरच्या मातीच्या थराला बांधकाम करावे लागते, पुढे दगड स्वतःच उभा राहतो. याच तालुक्यातील अजिंठ्याची लेणी त्याच दगडाच्या बळावर कोरली गेली. मुंबईच्या पोटातही बहुतांशी हाच दख्खनचा खडक आहे. परंतु मिठी नदी व माहीमची खाडी यांच्या परिसरात त्यावर भरावाचे आणि समुद्री चिकणमातीचे थर आहेत, आणि खरी अडचण तेथेच सुरू होते.

ही माती पाण्याने भरलेली आणि अतिशय मऊ असते. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १.६ टन धरले, तर दहा मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर सोळा टनांचा भार येतो. मऊ चिकणमातीची स्वतःची ताकद मात्र चौरस मीटरला दोन टनांच्या आसपासच असू शकते. खड्ड्याचा तळ साधारणपणे या ताकदीच्या सहापट, म्हणजे बारा टनांपर्यंतच भार सोसतो, असा स्थूल हिशेब अभियंते मांडतात. म्हणजे सात-साडेसात मीटरच्या पुढे बाहेरची माती भिंतीच्या खालून आत सरकू लागते आणि तळ वर फुगतो. भिंत कितीही जाड असली तरी ती मऊ थरातच संपत असेल, तर तिचा उपयोग मर्यादित राहतो. म्हणून ती खालच्या कठीण थरात रोवावी लागते.

यासाठी दोन पद्धती प्रचलित आहेत. बेंटोनाइटच्या द्रावाने भरलेल्या खोल चरात काँक्रीट ओतून अखंड डायफ्रॅम भिंत उभारतात. १९८४ साली सुरू झालेल्या कोलकाता मेट्रोच्या उभारणीत ही पद्धत वापरली गेली. दुसरी पद्धत सीकंट पाइलची. यात काँक्रीटचे खांब एकमेकांत अंशतः गुंतवून त्यांची सलग रांग तयार केली जाते. मुंबईत, जेथे खडक फार खोल नाही, तेथे ही दुसरी पद्धत अधिक दिसते. दोन्हींत खड्डा जसजसा खोल जातो, तसतसे समोरासमोरच्या भिंतींमध्ये पोलादी टेकू बसवावे लागतात किंवा भिंत मागच्या खडकात तारांनी बांधून घ्यावी लागते.

हे सर्व ठाऊक असूनही काय घडू शकते, ते सिंगापूरमध्ये २० एप्रिल २००४ रोजी दिसले. निकोल हायवेलगत मेट्रोसाठी समुद्री चिकणमातीत चाललेले सुमारे तीस मीटर खोल खोदकाम दुपारी कोसळले, सोबत महामार्गाचा काही भागही गेला. चार जण मृत्युमुखी पडले. इतरांना बाहेर काढण्यासाठी धडपडणारा एक मुकादमही त्यांत होता. त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही. चौकशी समितीला दोन गंभीर चुका आढळल्या. चिकणमातीतील पाणी लवकर निचरत नाही, तरीही गणिताची जी रीत निवडली गेली, तिने मातीची ताकद फुगवून दाखविली आणि भिंत कमकुवत आखली गेली. टेकू आणि त्यांना आधार देणारी आडवी तुळई यांचा सांधाही अपुरा होता. भिंत अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वाकत असल्याचे मोजमापांत दिसत होते. परंतु काम थांबविण्याऐवजी धोक्याची मर्यादाच वाढविण्यात आली. प्रस्तुत लेखकाला यातील सर्वात गंभीर बाब हीच वाटते, कारण गणितातील चूक मोजमाप पकडू शकते, पण मोजमापच मानले नाही तर पुढे काही उरत नाही.

कोलकात्यातील बोबाजार येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी दुर्घटना घडली, ती स्थानकाच्या भिंतीमुळे नव्हे, तर बोगदा खणणारे यंत्र जलधारक थराला भिडल्यामुळे. मातीसह पाणी बोगद्यात आले, वरची जुनी घरे खचली आणि अनेक कुटुंबांना रातोरात घर सोडावे लागले. मे २०२२ मध्ये पुन्हा पाणी झिरपले. अखेर या मार्गाचा राहिलेला भाग ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला.

मुंबईची मेट्रो-३ मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, पण खोल खड्ड्यांचे काम संपलेले नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एकमेव भुयारी स्थानक वांद्रे-कुर्ला संकुलात, मिठी नदीपासून जवळच आकाराला येत आहे. त्याचे खोदकाम सुमारे बत्तीस मीटर, म्हणजे सिंगापूरच्या त्या खड्ड्याइतकेच खोल आहे. येथे खाली खडक आहे, ही मोठी जमेची बाजू असल्याने दोन्ही ठिकाणांची सरसकट तुलना करणे अयोग्य ठरेल. तरीही अशा प्रत्येक खड्ड्याभोवती भिंतीचे वाकणे, भूजलाची पातळी आणि शेजारच्या इमारतींचे खचणे मोजणारी उपकरणे बसविलेली असतात. त्यांच्या नोंदी कंत्राटदार व सल्लागार यांच्यापुरत्या न राहता, खड्ड्यात उतरणाऱ्या मजुरांना आणि शेजारच्या रहिवाशांना समजतील अशा भाषेत कामाच्या फाटकावर रोज लावता येतील. त्यासाठी नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही, एक फळा पुरेसा आहे.