ससेहोलपट

घरात ससा आणलाय हे फोनवर सांगितलं तेव्हा पुण्याहून दोन प्रतिक्रिया आल्या. पहिली आईची: "बरं केलंस, गरीब प्राणी आहे बिचारा, काही त्रास नाही त्याचा." दुसरी काकांची. ससा आजारी आहे आणि दर दोन-तीन महिन्यांनी भूल देऊन त्याच्या दाढा घासाव्या लागतात हे कळल्यावर ते म्हणाले, "सशाच्या दाताला पैसे? डोकं फिरलंय का रे तुझं?" दोन्ही वाक्यं प्रेमापोटीच आली, पण मला दोन्ही साफ नामंजूर आहेत. का, ते जरा सविस्तर लिहितो. हल्ली आपल्याकडेही मुलांना वाढदिवसाला ससा आणून द्यायचं खूळ निघालंय असं मित्रांकडून ऐकतो, आणि इंग्लंडने या बाबतीत जे काही करून ठेवलंय त्याची नक्कल करावी असं त्यात काही नाही.

आधी 'गरीब' या शब्दाकडे बघू. मराठीत जनावराला गरीब म्हणायचं म्हणजे ते आवाज करत नाही, चावत नाही, काही मागत नाही. कुत्रा भुंकतो. मांजर पायात घोटाळून जीव नकोसा करतं. पोपट तर घर डोक्यावर घेतो. ससा गप्प असतो, कारण तो जन्मजात दुसऱ्याचं भक्ष्य आहे. आपल्याला दुखतंय हे त्याने दाखवलं की कोल्ह्याला आणि घारीला आयती निवड करता येते. त्यामुळे दाढेच्या टोकाने जीभ कापली जात असली तरी तो कोपऱ्यात नीट, सभ्यपणे बसून राहतो. आणि आपण म्हणतो, त्रास नाही. त्रास आहे हो, फक्त तो सगळा त्याच्याच वाट्याला आहे.

आमच्या सशाचं नाव तात्या, कारण चेहऱ्यावर कायम पेन्शन अडकलेल्या कारकुनाचे भाव. लोंबत्या कानांचा, करडा, चार वर्षांचा. इथल्या एका प्राण्यांच्या आश्रमातून आणला तेव्हा वजन जेमतेम दीड किलो. नखं वाढून वळलेली. मागच्या टाचांवरचे केस जाऊन कातडी लाल झालेली (सशाच्या पायाला कुत्र्यासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात; जाळीवर किंवा ओल्या लाकडावर ते टिकत नाहीत). डावा डोळा सतत गळायचा. डोळ्याचा आजार म्हणून थेंब घातले जात होते, पण दुखणं डोळ्याचं नव्हतंच. वरच्या दाताचं मूळ वाढून अश्रुनलिकेवर दाबत होतं.

आता गंमत अशी की तात्याला कोणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. एका शाळकरी मुलीसाठी दुकानातून विकत आणलेला ससा. सहा महिन्यांत तिचं मन दुसरीकडे गेलं, आणि मग बागेच्या टोकाला चार फुटी लाकडी खुराड्यात साडेतीन वर्षं. रोज वाटीत खाणं पडत होतं, पाणी होतं. त्या घरच्या लोकांना कोणी क्रूर म्हटलं तर त्यांना खरंच वाईट वाटेल. दुकानदाराने सांगितलं तेवढं सगळं त्यांनी केलं होतं.

पण त्यातली प्रत्येक गोष्ट चुकीची होती. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आठवड्याला साधारण दोन-तीन मिलिमीटर. ते झिजवायला दिवसभर गवत चघळावं लागतं. खाण्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग गवताचाच हवा. दुकानात मिळते ती रंगीबेरंगी मुसली. त्यातले गोड, पिठूळ तुकडे ससा वेचून खातो आणि बाकीचे टाकतो, आपल्याकडची मुलं चिवड्यातले शेंगदाणे वेचतात तसं. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ महिने चार गटांना चार प्रकारचा आहार देऊन पाहिलं. नुसती मुसली खाणाऱ्यांचे दात लांब आणि जास्त वाकडे झाले. दात वाकडे झाले की दाढांना कुसळासारखी टोकं येतात, टोकं टोचली की ससा खाणं कमी करतो, आणि खाणं थांबलं की आतडी थांबतात. सशाला उलटीसुद्धा होत नाही. अर्धा दिवस न खाल्लेला ससा म्हणजे इमर्जन्सी.

आणि ते खुराडं! मी धंद्याने इंजिनिअर असल्यामुळे मला त्याचा विशेष राग आहे. कोणतीही वस्तू किती काळ टिकायची आहे हे धरून तिचं डिझाईन होतं. हे परसातलं खुराडं घरच्या घरी मांसासाठी ससे वाढवण्याच्या चालीतून आलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे मांसाची टंचाई होती तेव्हा असे ससे घरोघरी होते. मांसाचा ससा तीनेक महिन्यांत कापला जातो. तेवढ्या दिवसांत पाय सडायला, मणके आखडायला, लठ्ठ व्हायला वेळच मिळत नाही. युद्ध संपलं, सशाला नाव मिळालं, मुलांचा तो लाडका झाला, पण खोका तोच राहिला. आठ ते बारा वर्षं जगू शकणाऱ्या प्राण्याला तीन महिन्यांच्या गोदामात ठेवायचं आणि मग तो आजारी पडला की नशिबाला बोल लावायचा. इथली सशांसाठी काम करणारी संस्था दोन सशांना किमान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच जागा द्या म्हणून कंठशोष करते आहे. दुकानात मात्र अजून खोकेच दिसतात.

याचा हिशोबही झालेला आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या सहा हजारांहून जास्त पाळीव सशांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या. मेलेल्या सशांचं मध्यक वय निघालं ४.३ वर्षं. मृत्यूच्या नोंदवलेल्या कारणांत पहिला नंबर कशाचा? अंगात अळ्या पडण्याचा. ससा आपल्या मऊ लेंड्या थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो, ही त्याची पचनाची रीतच आहे. लठ्ठपणामुळे किंवा सांधे दुखत असल्यामुळे त्याला वळता आलं नाही की त्या मागे चिकटून राहतात, हिरव्या माश्या येऊन अंडी घालतात, आणि काही तासांत अळ्या जिवंत सशाला खायला लागतात. हे बीट्रिक्स पॉटरच्या देशात, जिथे १९०२ सालच्या पीटर रॅबिटच्या कपबशा अजून भेट देतात. (त्या गोष्टीत पीटरच्या बापाचा पाय करून खाल्लेला आहे, हे भेट देणारे सोयीस्कर विसरतात. पाय म्हणजे तो खायचा पदार्थ.) याच देशात १९५३ साली फ्रान्सकडून मिक्सोमॅटोसिसचा रोग आला, दोन-तीन वर्षांत शंभरातले नव्वदहून जास्त रानससे मेले, आणि काही शेतकरी आजारी ससे मुद्दाम आपल्या शेतात नेऊन सोडत. ते थांबवायला १९५४ साली कायदा करावा लागला.

कायदे इथे उत्तम आहेत. २००६ च्या प्राणीकल्याण कायद्याने पाळणाऱ्यावर योग्य जागा, योग्य आहार, नैसर्गिक वागणूक, गरजेप्रमाणे सोबत आणि आजारापासून संरक्षण, एवढ्या सगळ्याची जबाबदारी टाकली. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकताही येत नाही. पण बागेच्या टोकाला कोण बघायला जातो? भुंकणाऱ्या कुत्र्याची शेजारी तक्रार करतात. गप्प सशाची कोणी करत नाही.

आता काकांकडे वळतो. "देशात माणसं उपाशी आहेत" हा त्यांचा पुढचा मुद्दा होता. काका, माणसं उपाशी आहेत हे खरं, पण तुमच्या शेजाऱ्यांनी बाल्कनीत चौथी एसी बसवली तेव्हा ती तुम्हाला आठवली नव्हती. एखादा जीव घरात आला की त्याची दुरुस्ती ही चैन राहत नाही, ती उधारी असते. दुकानात तात्याची किंमत चाळीसेक पौंड असेल. त्याच्या दाढा एकदा घासायचं बिल त्याच्या पाच-सहापट. म्हणजे विकणाऱ्याने नफा घेतला, खरा खर्च पुढच्या माणसावर किंवा थेट सशाच्या अंगावर ढकलला. कारखान्याचं सांडपाणी नदीत सोडण्यासारखाच हा हिशोब आहे. आणि नुसते पैसेच नाहीत. इथे झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (२००८) भूल दिल्यानंतर कुत्रे दगावण्याचं प्रमाण ०.१७ टक्के होतं, मांजरांचं ०.२४ आणि सशांचं १.३९. दर वेळी तात्याला आत नेतात तेव्हा हा आकडा मी पाठ म्हणत बाहेर बसतो.

'पुण्य केलंस' म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. तात्याला आणल्याने एका सशाची सोय झाली. त्याच आठवड्यात त्याच आश्रमात आणखी ससे आले, ईस्टरनंतर तर रांग लागते. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्याचं हे काम आहे. फरशी पुसायला हवीच, पण नळ दुकानात आहे.

आणि तो नळ आता आपल्याकडे सुरू होतोय. मुळात आपल्या माळरानावरचा ससा वेगळा. तो बीळ खणत नाही, त्याची पिल्लं उघड्या डोळ्यांनी आणि अंगावर केस घेऊन जन्मतात, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याला पाळता येत नाही. पेट शॉपमधला पांढराशुभ्र ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. बिळात, कळपात राहणारा, थंड मातीत दुपार काढणारा. त्याला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः कान. तिशीच्या वर पारा गेला की त्याचा जीव धोक्यात येतो. त्याला नागपूरच्या, अहो नागपूर सोडा, पुण्याच्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात आणि पोळी, बिस्किट, गाजर घालतात. 'ससेहोलपट' या शब्दातला ससा आपल्या रानातला, पण ती आज चालली आहे या दुसऱ्याची.

कायदा म्हणाल तर आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यातही हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात वडापावच्या दोन प्लेट येतील. तेव्हा कायद्याची वाट बघण्यात अर्थ नाही, गिऱ्हाईकाने पाठ फिरवली तरच दुकानं हे थांबवतील. भाच्याला ससा हवा असेल तर त्याला नाही म्हणून सांगा. रडेल दोन दिवस.

ज्यांच्या घरी आधीच ससा आहे त्यांच्यासाठी थोडं. पिंजऱ्यातून खाली काढा, खाली चटई किंवा जुनी सतरंजी घाला. महागडं परदेशी गवतच हवं असं नाही. आपली हराळी, म्हणजे गणपतीच्या दूर्वा, अमेरिकेत बर्म्युडा ग्रास म्हणून सशांसाठी वाळवून विकतात. औषध न मारलेली बघून ढीगभर द्या. बिस्किट बंद. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांकडे न्याल तेव्हा आधीच विचारा की सशांचा अनुभव आहे का, कारण कुत्र्याला सर्रास देतात ते अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससा जाऊ शकतो, आणि पिसवांसाठी वापरतात ते फिप्रोनिल त्याला विषारी आहे. ऑपरेशनआधी उपाशी ठेवा असं कोणी सांगितलं तर दुसरा डॉक्टर शोधा. आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. सशाचं दुखणं सगळ्यात आधी तिथे दिसतं. तात्या या रविवारी १ किलो ८२० ग्रॅम भरला.