शिपाईच म्हणाला, आता पुरे!

परक्याच्या जमिनीवर बसलेल्या सत्तेविरुद्ध दोन साक्षी होतात. एक साक्ष ज्याच्या मानेवर जू आहे त्याची. ती जगाच्या कानावर पडते, पण "त्याचं दुखतंय, तो ओरडणारच" असं म्हणून जग मोकळं होतं. दुसरी साक्ष ते जू दाबून धरायला ज्याला बंदूक देऊन पाठवलं त्या शिपायाची. ती एकदा झाली की राज्यकर्त्यांना तोंड लपवायला जागा उरत नाही. पोर्तुगालात ती साक्ष झाली, म्हणून आज ही हकीकत आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवतो.

फिरंग्याची आणि आमची ओळख जुनी. साडेचारशे वर्षं तो गोव्यात ठाण मांडून होता. १५ ऑगस्ट १९५५ ला हातात काठीही नसलेले सत्याग्रही सरहद्द ओलांडून गेले, तेव्हा त्याने गोळ्या घातल्या आणि वीसावर माणसं मारली. त्याच साली पकडलेले मोहन रानडे गोवा सुटल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात खितपत होते. ते सुटले १९६९ साली.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरायच्या आधी हुकूमशहा सालाझारने लिस्बनहून फर्मान धाडलं. शरण जायचं नाही. जिंका, नाहीतर मरा! स्वतः खुर्चीत बसून दुसऱ्याच्या लेकरांना मरायला सांगणं सोपं असतं. गोव्याचा गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा हा लष्करी पेशाचा माणूस. त्याने हिशेब केला. हाताखाली तीन हजारांवर शिपाई, समोर सगळा भारत देश. १९ डिसेंबरला त्याने शरणागती दिली आणि हजारोंचे जीव वाचले. बक्षीस काय मिळालं? १९६३ साली त्याला लष्करातून हाकलून दिलं.

एवढ्यानेही लिस्बनला शहाणपण आलं नाही. आफ्रिकेतल्या मुलखांना तो वसाहती म्हणतच नव्हता, "सागरापलीकडचे प्रांत" म्हणत होता. नाव बदललं म्हणून जुलूम बदलत नाही. आम्ही कापसावर जगणारी माणसं, म्हणून कापसाचंच सांगतो. मोझांबिक आणि अंगोलातल्या शेतकऱ्याला पोटाचं धान्य सोडून सक्तीने कापूस लावायला लागत होता, आणि तो ठरवून दिलेल्या कमी भावात द्यायला लागत होता. त्या कापसावर पोर्तुगालच्या गिरण्यांची चाती फिरत. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलातल्या या शेतकऱ्यांनी "कापूस लावणार नाही" म्हटलं, तर त्यांच्यावर विमानं सोडली. त्याआधी ३ ऑगस्ट १९५९ ला गिनीतल्या बिसाव बंदरात गोदी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. पोलिसांनी गोळीबार करून त्यांचे मुडदे पाडले. अमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने त्यानंतरच हत्यार उचलायचं ठरवलं. १९६१ ला अंगोला, १९६३ ला गिनी, १९६४ ला मोझांबिक, तिन्हीकडे युद्ध पेटलं.

तेरा वर्षं ते चाललं. नव्वद लाखांच्या आतबाहेरचा गरीब देश! त्याची आठ हजारांवर पोरं आफ्रिकेत मेली. आफ्रिकेची किती मेली त्याची मोजदादसुद्धा कुणी नीट केली नाही. शेतकऱ्याचा आणि कामगाराचा मुलगा सक्तीने भरती होत होता, आणि भरती चुकवायला हजारो तरुण चोरवाटेने फ्रान्सला पळत होते. सरकारी खर्चाचा भला मोठा वाटा तोफगोळ्यांत जात होता.

मग शिपाई बोलला. पहिला बोलला तो मोठा जनरल. आंतोनिओ द स्पिनोला १९६८ ते १९७३ गिनीत गव्हर्नर आणि सेनापती होता. तो कुणी साधुसंत नव्हता. त्याने ते युद्ध कसून लढवलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याने पुस्तक लिहून सांगितलं की हे युद्ध बंदुकीने जिंकता येणार नाही, तोड राजकीयच काढावी लागेल. त्याला पुरतं स्वातंत्र्य द्यायचं नव्हतं, संघराज्य हवं होतं. पण एवढं बोलला तरी मार्चमध्ये सरकारने त्याला काढून टाकलं.

त्याच्या पुढे गेले ते तरुण कॅप्टन. कामगार बंधूंनो, हे नीट ऐका! त्यांची चळवळ १९७३ साली सुरू झाली ती बढतीच्या गाऱ्हाण्यावरून. आपल्यात बोनसचं किंवा बदली कामगाराचं भांडण सुरू होतं, तसंच. पण एकत्र बसल्यावर एकेकजण मनातलं बोलायला लागला. दोन-दोन, तीन-तीन वेळा आफ्रिकेत जाऊन आलेली ही माणसं. त्यांनी विचारलं, आपण मरतो कुणासाठी? बढतीचं गाऱ्हाणं मागे पडलं आणि मूळ दुखणं पुढे आलं.

२५ एप्रिल १९७४ च्या पहाटे कॅप्टन साल्गेरो माया सांतारेमहून तुकडी घेऊन लिस्बनला निघाला. मोझांबिक आणि गिनीत लढून आलेला हा गडी तिशीचाही नव्हता. यायचं त्याने यावं, राहायचं त्याने राहावं, असं त्याने शिपायांना सांगितलं. सगळे निघाले! संध्याकाळपर्यंत जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही कोसळली. लोकांनी बंदुकीच्या नळीत लाल फुलं खोचली. त्या दिवशी चौघांचे जीव गेले ते गुप्त पोलिसांच्या गोळीने, बंडखोर शिपायांच्या नव्हे.

जुलैत पोर्तुगालने वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क कायद्याने मान्य केला. १९७४ च्या सप्टेंबरात गिनी-बिसावला मान्यता मिळाली, १९७५ साली मोझांबिक आणि अंगोला स्वतंत्र झाले. आणि गोवा? तेरा वर्षं जो पोर्तुगाल "गोवा आमचाच" म्हणत होता, त्याने ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार करून भारताचा हक्क कबूल केला. वासालो ई सिल्वालाही त्याचा हुद्दा परत मिळाला.

यावर काही शहाणे म्हणतात, शिपायाने हुकूम पाळावा, राजकारण करू नये. आमचा उलटा सवाल आहे. जो जीव देतो, त्याने जीव कशासाठी जातोय हे विचारायचं नाही, तर विचारायचं कुणी? दुसरे म्हणतात, फिरंगी गेला आणि अंगोलात, मोझांबिकमध्ये यादवी माजली. खरं आहे. मोझांबिकची १९९२ पर्यंत चालली, अंगोलाची २००२ पर्यंत. पाचेक लाख पोर्तुगीजही गाशा गुंडाळून मायदेशी आले. त्यात गरीबही होते. पण हा दोष लवकर सोडल्याचा, की उशिरा सोडल्याचा? शाळा दिली नाही, कारभारात हात लावू दिला नाही, तेरा वर्षं बंदुकीनेच बोलला आणि मग एका वर्षात निघून गेला. वर बाहेरच्या सत्तांनी आगीत तेल ओतलं. दहा वर्षं आधी मुकाट्याने बोलणी केली असती तर एवढं रक्त सांडलं नसतं.

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड: आता सोडलं तर मेलेल्यांचं मरण फुकट जाईल. ज्या घरचा मुलगा गेला त्याच्या आईपुढे आम्ही मान खाली घालतो. पण मेलेल्याची लाज राखायला जिवंताला मारणं, हा कसला न्याय? त्या कॅप्टनांनी स्वतःच्या हातांनी सोबत्यांना पुरलं होतं. त्यांनीच सांगितलं की आणखी खड्डे खणायचे नाहीत.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. आजही जिथे एका देशाचे रणगाडे दुसऱ्याच्या अंगणात उभे आहेत, तिथून परतलेल्या शिपायाला देशद्रोही म्हणू नका, त्याचं ऐका. आणि जे जुलमाखाली आहेत त्यांनी एक ध्यानात ठेवावं: त्या कॅप्टनांचे डोळे आपोआप उघडले नाहीत. ते उघडले बिसावच्या गोदी कामगारांनी, अंगोलाच्या कापूसवाल्यांनी, तेरा वर्षं न वाकलेल्या माणसांनी. आपण न वाकता उभे राहिलो, तरच समोरच्या बंदुकीमागचा माणूस विचार करायला लागतो!