दोन राहुट्यांमधली वाट

माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, त्या चार-पाच दिवसांत आम्हा डॉक्टरांकडे येणारे आजार ठरलेले असतात. पायाला फोड, जुलाब, ताप, खोकला, अंगदुखी. ही यादी वाचकांना पाठ आहे. पाणी उकळून प्यावे, उघड्यावरचे खाऊ नये, हेही दरवर्षी छापून येते. आज मला त्याबद्दल लिहायचे नाही. मला लिहायचे आहे मुक्कामाबद्दल. नेमके सांगायचे तर एका राहुटीशेजारी दुसरी राहुटी पडते, त्या दोहोंमध्ये किती जागा सोडावी आणि शेजाऱ्याशी कसे वागावे याबद्दल. हा विषय आरोग्याच्या सदरात कुठून आला, असे कोणी म्हणेल. पण चालून आजारी पडलेल्यांपेक्षा मुक्कामाने आजारी पडलेले वारकरी मला जास्त भेटतात, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. या प्रत्येक तळावर तेच दृश्य असते. दिंडीचे ट्रक पुढे येतात, दुपारी राहुट्या उभ्या राहतात. जे आधी येतात ते ऐसपैस बसतात, जे मागून येतात ते मधल्या फटीत शिरतात. "माउली, जरा सरकून घ्या" म्हटले की कोणीही सरकतो, हा वारीचा मोठा गुण. पण सरकता सरकता दोन राहुट्यांमधली वाट नाहीशी होते. आमच्या फलटणला विमानतळाचे एवढे मोठे मैदान, पण संध्याकाळी काही भागांत एका राहुटीचे तणावे दुसरीच्या तणाव्यांत गुंतलेले असतात. दिवसा माणूस पाय उचलून जातो. रात्री काय होते ते आम्हाला दिसते. मनगट सुजलेली, हात दुसऱ्या हाताने धरलेली साठीची बाई रात्री दोनला उपचार केंद्रात आली की विचारावे लागत नाही. ती लघवीला उठलेली असते आणि शेजारच्या तणाव्यात पाय अडकून हातावर पडलेली असते. या वयात बायकांची हाडे ठिसूळ झालेली असतात, मनगट सहज मोडते. मग प्लास्टर, आणि वारी तिथेच संपली.

ही पडलेली तरी दिसते. न पडलेली, म्हणजे उठलीच नाही ती, आम्हाला दोन-तीन दिवसांनी दिसते.

मराठवाड्यातल्या एका आजी तापाने फणफणून आल्या होत्या. थंडी वाजत होती, कंबरेच्या बाजूला ठणका, लघवीला जळजळ. "माउली, दिवसाला पाणी किती पिता?" असे विचारले. त्या म्हणाल्या, "पेते की घोट-दोन घोट. पानी पेलं की रातीला उठावं लागतं. आन् उठायचं तर बारा जनींला वलांडून जायचं, भाईर दोऱ्याच दोऱ्या, अंधार, गडीमानसं निजलेली. त्यापरीस न पेलेलं बरं."

या एका उत्तरात अर्धे निदान आहे. ज्या बाईला रात्री निर्धास्तपणे बाहेर जाता येत नाही, ती दिवसा पाणी पीत नाही. दिवसभर उन्हापावसात मैलोगणती चालायचे, घाम गाळायचा आणि पाणी चोरायचे. लघवी गडद पिवळी होते, तुंबवून ठेवली जाते, जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. मग मूत्रमार्गाचा दाह, आणि तो वर चढला की थंडी भरून ताप. चक्कर येऊन पडणे, पायात गोळे येणे हेही पुष्कळदा त्यातलेच. आणखी एक गोष्ट सांगतो. रक्तदाबाच्या पुष्कळ गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारे औषध असते. 'ती गोळी घेतली की सारखे जावे लागते' म्हणून कित्येक बायका, आणि पुरुषही, आळंदीपासूनच ती बंद करतात. घरी कोणाला पत्ता नसतो. असे करू नये. आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारावे. गोळी सकाळच्या वेळेला घेणे बहुधा जमते. पण गोळी सकाळी घ्या, पाणी भरपूर प्या, असे मी सांगणार कोणाच्या जिवावर? तिला रात्री जायला वाट आहे का, हे आधी बघायला नको का?

गेल्या दहा-बारा वर्षांत तळांवर फिरती शौचालये मोठ्या संख्येने येऊ लागली, ही फार मोठी सुधारणा झाली. पूर्वी पालखी गेल्यावर गावाच्या शिवारात पाऊल ठेवता येत नसे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पण शौचालय तळाच्या टोकाला आणि आजी तळाच्या मध्यावर. या दोहोंमधली वाट सरकार बांधून देऊ शकत नाही. ती दिंड्यांनीच सोडायची असते. दोन राहुट्यांच्या तणाव्यांमध्ये निदान दोन माणसे शेजारी-शेजारी चालतील एवढी जागा, तिच्यात सामान नाही, कोणी झोपलेले नाही, आणि एखादा दिवा. तणाव्यांना पांढऱ्या चिंध्या बांधल्या तर अंधारातही दिसतात. ज्यांना रात्री उठावे लागते त्या म्हाताऱ्या बायकांना राहुटीच्या दाराजवळ जागा द्यावी. आपल्याकडे मानाची जागा आतली समजतात, म्हणून आजींना प्रेमाने आत कोपऱ्यात झोपवतात. प्रेम खरे, पण त्या कोपऱ्यात त्या अडकून पडतात.

शेजाराचे दुसरे प्रकरण वाऱ्याचे आणि पाण्याचे. पावसाची सर येईल म्हणून राहुटीभोवती चर खणतात. चांगली गोष्ट आहे. पण चराचे तोंड कुठे सोडले हे बघत नाहीत, आणि आपले पाणी थेट शेजारच्या सतरंजीखाली जाते. भांडी घासलेल्या पाण्याचे, खरकट्याचे आणि टँकरखाली केलेल्या आंघोळीचे तेच. माश्यांना दिंडीचा क्रमांक वाचता येत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट जनरेटरची. हल्ली मोबाइल चार्ज करायला, दिव्यांना, ध्वनिक्षेपकाला पुष्कळ दिंड्या जनरेटर आणतात. आवाज आपल्याला नको म्हणून तो राहुटीच्या मागच्या बाजूला ठेवतात. मागची बाजू म्हणजे दुसऱ्याची पुढची बाजू. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. पावसामुळे कनाती खाली सोडलेल्या राहुटीत तो साठला तर आतल्या माणसांचे डोके दुखते, मळमळते, गरगरते. सगळे म्हणतात, ऊन लागले. झोपेत असतील तर तेवढेही म्हणायला उठणार नाहीत. जनरेटर कोणत्याही राहुटीपासून निदान वीस फूट दूर आणि त्याच्या धुराचे तोंड उघड्या बाजूला, हा नियम कोणी मोडत असेल तर शेजाऱ्याने संकोच न करता बोलावे. थंडी लागते म्हणून पेटती शेगडी राहुटीत घेऊन झोपणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आता राहुटीच्या आत येऊ. पन्नास माणसे एका छताखाली झोपतात, तिथे ऐसपैस जागा मागणारा मी कोण? पण खोकणाऱ्याने उपरण्याचा पदर तोंडाला लावावा आणि दाराकडच्या कडेला झोपावे, यात अपमान काही नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि संध्याकाळचा ताप असेल तर मुळात निघण्यापूर्वीच थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. झोपताना एकाचे डोके तिथे दुसऱ्याचे पाय, असे उलटसुलट झोपले तर खोकल्याचे तुषार थेट तोंडावर येत नाहीत. लष्कराच्या छावण्यांमध्ये हा उपाय पूर्वीपासून करत आले आहेत. उशाशी दुसऱ्याचे पाय, ही कल्पना काहींना रुचत नाही. एका बुवांना मी म्हटले, दिवसभर तुम्ही सगळे एकमेकांच्या पायां पडता, रात्री तेच पाय जवळ आले तर काय बिघडले? ते हसले आणि तसे झोपले. दुसऱ्या दिवशी कोणी तरी त्यांना सांगितले की डॉक्टर पाखंडी दिसतो.

पांघरूण आणि टॉवेल मात्र ज्याचा त्याने वापरावा. डोळ्यांची साथ टॉवेलवरून पसरते. खरूज तर फार सावकाश येते. ज्याला ती पूर्वी कधी झाली नाही, त्याला लागण झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी खाज सुटते. त्यामुळे आषाढीला मिळालेली खरूज श्रावणात घरी उगवते, आणि तोवर घरातल्या चार जणांना गेलेली असते. माणूस म्हणतो, 'वारीत तर मला काही नव्हते.'

आवाजाबद्दल लिहायला मला जरा अवघड वाटते, कारण आवाज बहुतेक वेळा देवाच्या नावाचा असतो. पण हिशेब करा. वारकरी पहाटे तीनला उठतो. दहाला आडवा झाला तर पाच तास झोप. शेजारची दिंडी साडेअकरापर्यंत कर्णा लावून बसली तर उरले साडेतीन. असे अठरा-वीस दिवस. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या सत्तरीच्या माणसावर त्याचा काय परिणाम होतो हे वेगळे सांगायला नको. सवलतीचे दिवस सोडले तर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. माझे म्हणणे नियमाच्याही आधीचे आहे. मृदंग, टाळ आणि माणसाचा गळा यांना कर्ण्याची गरज नाही. त्यांचा आवाज जिथवर पोहोचायला हवा तिथवर पोहोचतो. आणि जे नव्याने आले आहे, म्हणजे अंथरुणात पडून मोबाइलवर मोठ्याने बघत राहणे, त्याला तर देवाचेही निमित्त नाही. घोरण्याला मात्र इलाज नाही. ते शेजाऱ्याने सोसावे.

हे सगळे ऐकल्यावर एक उत्तर मला ठरलेले मिळते. "डॉक्टर, वारीत कसले आपले आणि दुसऱ्याचे? तिथे सगळे एक." ऐकायला गोड आहे, पण वारीची स्वतःची रीत असे सांगत नाही. आजच्या रूपात पालखी सोहळा बांधणारे हैबतबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या आरफळचे. १८३२ च्या सुमाराची गोष्ट. त्यांनी लष्करातली शिस्त सोहळ्यात आणली. रथापुढे कोणती दिंडी, रथामागे कोणती, तिचा क्रमांक काय, हे ठरलेले आहे आणि कोणी कोणाला ओलांडून पुढे जात नाही. तीन-चार पावलांची जागा इतकी काटेकोर पाळणारे लोक आहेत हे. आणि मुक्कामावर समाजआरती होते तेव्हा? सगळ्या दिंड्या टाळ वाजवत उभ्या असतात, चोपदार दंड उंचावतो, आणि एवढा जनसमुदाय क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकली जाते, मग ती थांबते. शेजाऱ्याची तक्रार ऐकण्याची याहून चांगली सोय मी कुठल्या नगरपालिकेत पाहिलेली नाही. मग वाट अडवल्याची, जनरेटरच्या धुराची तक्रार तिथे का होऊ नये? टाळ वाजवायचे राहतात, कारण ज्या आजीला त्रास होतो तिच्या हातात दिंडीचा कारभार नसतो.

शेवटी आपल्या गावकऱ्यांबद्दल. पालखीच्या रात्री आपणही शेजारीच असतो. वारकऱ्यांना आपण पिठलं-भाकरी घालतो, पाय चेपतो, ओसरी देतो. यंदा आणखी एक करून पाहा. रात्रभर अंगणातला दिवा चालू ठेवा, आणि घरातले संडास-मोरी बायकांसाठी उघडी आहे असे दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. न सांगता कोणी बाई तुमचे दार वाजवणार नाही. ती अंधार पडायची वाट बघत बसेल. दिंडीकऱ्यांनीही ओसरीवर पथारी टाकण्यापूर्वी घरच्या माणसाला एक शब्द विचारावा, नळ चालू सोडू नये, आणि निघताना झाडून जावे. बहुतेक जातातही, काही नाही जात, आणि गाव पुढच्या वर्षी त्यांच्यामुळे सगळ्यांना दार लावून घेते.

फलटणच्या तळावर ज्यांच्या दिंड्या उतरतात त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असतील तर त्यांनी दवाखान्यात निरोप द्यावा. जुन्या धोतरांच्या पांढऱ्या पट्ट्या फाडून दोन पोती भरून ठेवली आहेत. एका राहुटीच्या तणाव्यांना वीस-पंचवीस पुरतात.