अल्पशर्करेचा अनोळखी रुग्ण आणि आपण

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. या बंदीचे गुणदोष हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे; परंतु तिच्याशी निगडित अशा एका लोकसमजाकडे आम्हांस व्यवसायबंधूंचे लक्ष वेधावयाचे आहे. चामोर्शीच्या बसस्थानकावर वा आठवडी बाजारात एखादा मनुष्य झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडू लागला, तर पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो मोहाच्या दारूचा. लोक बाजूला सरकतात. कोणी दरडावतो, कोणी हसतो. वस्तुतः हीच लक्षणे रक्तशर्करा एकाएकी घटलेल्या मधुमेही रुग्णाचीही असतात. थंड घाम, हातांना कंप, छातीत धडधड आणि कासावीस करणारी भूक ही त्यांच्या जोडीला असतात. शर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की सावध व्हावे, ५४ च्या खाली गेली की मेंदूचे कार्य बिघडू लागते.

तोंडाला दारूचा वास आला म्हणजे निदान झाले, असेही मानू नये. उपाशीपोटी घेतलेले मद्य यकृतातून होणारी शर्करेची निर्मिती रोखते. म्हणजे मधुमेहाची गोळी घेऊन जो प्यायला आहे, त्यालाच हा धोका अधिक. अशा माणसाला 'उतरेल आपोआप' म्हणून ओट्यावर निजवून ठेवणे हे त्याच्या जिवावर बेतू शकते.

आपल्या परिसरात या प्रसंगाची सर्वाधिक शक्यता आम्हांस महाशिवरात्रीला वाटते. वैनगंगेकाठच्या मार्कंडा येथील यात्रेस दूरदूरहून भाविक येतात. त्यांत मधुमेही असणारच. अनेक जण सकाळची ग्लिमेपिराइडची वा ग्लिबेनक्लामाइडची गोळी नियमाप्रमाणे घेतात, उपवास मात्र कडक धरतात आणि वर नदीच्या वाळूतून पायपीट करतात. गोळी पोटात आणि अन्न नाही, हे या व्याधीचे सरळ गणित आहे. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करावे, हे गोळी लिहून देणाऱ्याने आधीच सांगावयास हवे. पुष्कळदा ते सांगितले जात नाही, आणि रुग्णही विचारीत नाही.

उपचार अगदी साधा आहे. रुग्ण शुद्धीवर असून त्यास गिळता येत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम शर्करा तत्काळ द्यावी. म्हणजे तीन ते चार चहाचे चमचे ग्लुकोज पावडर वा साखर पाण्यात विरघळवून. १५ मिनिटे थांबून पुन्हा पाहावे, सुधारणा नसल्यास तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. ग्लुकोमीटर जवळ असल्यास उत्तम, नसल्यास त्याची वाट पाहू नये. 'मधुमेह्याला साखर कशी द्यावी?' ही शंका हमखास कोणीतरी काढतो. शर्करा वाढलेली असलीच, तर तीन चमच्यांनी फारसे बिघडत नाही. घटलेली असताना न दिली तर जीव जाऊ शकतो. रुग्णाच्या पिशवीत इन्सुलिन सापडले म्हणून ते टोचण्याचा उत्साह तर कोणीही दाखवू नये.

औषधी विक्रेत्यांसाठी एक बारकावा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्या रुग्णांत साध्या साखरेचे विघटन मंदावलेले असते. त्यांना शुद्ध ग्लुकोजच द्यावे. दुकानात ग्लुकोजची पुडी गल्ल्याजवळ, हाताशी असावी असा आमचा आग्रह त्यासाठीच आहे.

रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र मुखावाटे काहीही देऊ नये. येथे आम्हांस थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २४ व्या अध्यायात मद, मूर्च्छा व संन्यास यांचे विवेचन आहे. खोल पाण्यात बुडणारे भांडे तळ गाठण्यापूर्वीच उचलावे तशी संन्यासात त्वरा करावी, ही तेथील दृष्टी आजही तंतोतंत लागू आहे. परंतु त्याच अध्यायात तीक्ष्ण द्रव्ये मुखात घालण्याचाही निर्देश आहे, आणि तो या रुग्णास लावू नये. मध असो वा गुळाचे पाणी, ते श्वासमार्गात जाऊन रुग्ण गुदमरू शकतो. आचार्यांसमोर इन्सुलिनने वा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांनी मूर्च्छित झालेला रुग्ण कधी आलाच नव्हता. असे म्हणण्यात शास्त्राचा अधिक्षेप होत नाही. रुग्णास कुशीवर वळवावे, श्वास पाहत राहावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ग्रामीण रुग्णालय गाठावे. शिरेवाटे डेक्स्ट्रोज देण्याचे प्रशिक्षण व अधिकार ज्यांना आहेत त्यांनी ते द्यावे, इतरांनी प्रयोग करू नयेत.

रुग्ण उठून बसला, आभार मानून निघाला, की आपण सुटलो असे नाही. सल्फोनिलयुरियाचा परिणाम दीर्घकाळ टिकतो, विशेषतः वृद्धांत व मूत्रपिंड दुबळे असलेल्यांत. शर्करा काही तासांनी पुन्हा कोसळू शकते. त्यास पोळी, भात असे काही खाऊ घालावे, एकट्यास मोटारसायकलवर बसू देऊ नये आणि रुग्णालयात निरीक्षणाखाली राहण्यास सांगावे. अनोळखी माणसाच्या बाबतीत नेमके हेच राहून जाते, कारण त्याचे घर कोठे हे ठाऊक नसते. त्याच्याच फोनवरून घरच्यांशी बोलावे.

'नसती ब्याद कशाला?' ही भीती आम्हांस परिचित आहे. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक वैद्यकीय व्यावसायिकावर प्राणरक्षणाचे कर्तव्य असल्याचे सांगितले आहे. ब्याद टाळण्याची मुभा आपणांस नाही.

आता एक कटू विषय. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शर्करा सहसा धोकादायक पातळीस उतरत नाही. 'मी कुठलीच गोळी घेत नाही, फक्त एक चूर्ण घेतो' असे सांगणारा रुग्ण अल्पशर्करेने कोसळला, तर कान टवकारावेत. सिंगापूरमध्ये २००८ साली मधुमेह नसलेले सुमारे १५० जण तीव्र अल्पशर्करेने रुग्णालयांत दाखल झाले, चौघे दगावले. अवैध कामोत्तेजक औषधांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेले आढळले. गुडमार, मेथी वा बीजा यांच्या नावाखाली विनालेबल पुड्या विकणाऱ्यांकडे आपण काणाडोळा करीत असू, तर पुढच्या रुग्णाचा दोष आयुर्वेदाच्या माथी बसेल. औषधे नियमावलीतील नियम १६१ नुसार घटकद्रव्यांची यादी लेबलवर असलीच पाहिजे. अशा रुग्णाजवळची उरलेली पुडी फेकू न देता जपून ठेवावी, तारीख व मिळाल्याचे ठिकाण लिहावे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे सोपवावी.