सापडलेली वस्तू कोणाची?

दसऱ्याच्या दिवशी आपण एकमेकांना आपट्याची पाने देतो आणि त्यांना 'सोने' म्हणतो. माझ्या गावाचे नावच आपटा. पनवेल तालुक्यात पाताळगंगेच्या काठी ते वसले आहे. लहानपणी मला प्रश्न पडे, की काल झाडावर असलेले पान आज सोने कसे होते? पुढे कळले, की मोल पानाचे नसते. तो दिवस, ती भेट आणि त्यामागचा भाव यांचे ते मोल असते. जुन्या वस्तूंचेही असेच आहे. मात्र ही गोष्ट मला फार उशिरा उमगली, आणि ती उमगण्यासाठी माझ्या हातून एक चूक व्हावी लागली.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी शिक्षक असताना एका विद्यार्थ्याने मला काशाची एक लहानशी घंटा आणून दिली. नदीकाठच्या शेतात नांगराला ती लागली होती. तिच्यावर हिरवट थर चढला होता. मी मोठ्या हौसेने चिंच आणि राख घेऊन ती लख्ख घासली व कपाटात ठेवली. काही वर्षांनी एका जाणत्या गृहस्थांना ती दाखविली. त्यांनी विचारले, "ही नेमकी कोठे सापडली? किती खोल होती? तिच्याबरोबर खापरे, विटा, नाणी असे काही होते काय?" यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते. तो मुलगा गाव सोडून गेला होता, शेतात घरे उभी राहिली होती आणि वरचा थर तर मीच घासून टाकला होता. घंटा होती, पण तिची कहाणी मात्र कायमची मुकी झाली होती.

याच्या उलट कोल्हापूरचे उदाहरण पाहा. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तेथे १९४४ च्या सुमारास प्राध्यापक कुंदनगार यांना कांस्याच्या अनेक वस्तू मिळाल्या. पुढे १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्या वस्तूंत वीतभरही उंची नसलेली एक देखणी मूर्ती होती. ती होती पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाची. रोमन लोक यालाच नेपच्यून म्हणत. तिच्यासोबत कांस्याची सुरई आणि आरसाही होता.

त्रिशूळ हे या देवाचे आयुध. आपण त्रिशूळ पाहिला, की आपल्याला भगवान शंकर आठवतात. रोमन खलाशाला मात्र खवळलेला समुद्र आणि सुखरूप प्रवासाची आशा आठवत असे. एकच खूण, पण तिचा अर्थ माणसागणिक आणि देशागणिक बदलतो. म्हणूनच वस्तू कोणाच्या घरात आणि कोणत्या काळात होती, हे कळल्यावाचून तिचा अर्थ पुरता लागत नाही. ब्रह्मपुरीला सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष आणि नाणी मिळाली. त्यामुळे ही मूर्ती केवळ शोभेची बाहुली राहिली नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशीच्या वस्तू सह्याद्री ओलांडून आपल्या गावांत पोहोचत होत्या, याची ती साक्षीदार ठरली.

त्या व्यापाराचे वर्णन 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात आहे. त्यात कल्याण, सोपारा व चौल या आपल्या कोकणच्या बंदरांची नावे येतात. भडोचच्या बंदरात मद्याबरोबर तांबे व कथील उतरत असे, असेही तो ग्रंथ सांगतो. तांबे आणि कथील एकत्र वितळविले, की कांस्य होते. भांडे फुटले, की ते मोडीत घालावे आणि वितळवून नवे घडवावे, ही रीत जुनीच आहे. त्यामुळे अशा किती मूर्ती नाहीशा झाल्या असतील, याची गणतीच नाही. जी एखादी वाचली, ती म्हणूनच अमोल होय.

कोणी म्हणेल, "आवडीने जुन्या वस्तू जमविणे वाईट आहे काय?" मुळीच नाही. मराठवाड्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातील प्राचीन वस्तू गोळा केल्या. तेर म्हणजे पेरिप्लसमधील 'तगर' नगर. त्यांचा संग्रह आज शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे, आणि त्या संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. गावची वस्तू गावच्या नावानिशी राहिली आणि सर्वांना पाहता आली, हीच त्यांच्या छंदाची थोरवी. पण जो गुपचूप वस्तू विकत घेतो आणि ती कोठून आली हे विचारीत नाही, तो धातू जपतो आणि इतिहास गमावतो.

कायदाही हेच सांगतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू खाजगी माणसाने परदेशी धाडण्यास मनाई केली आहे. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा आपली जाण मोठी असावी, असे मला वाटते.

म्हणून मुलांनो, कधी शेतात वा नदीकाठी एखादी जुनी वस्तू दिसली, तर ती उकरू नका, घासू नका, खिशात घालू नका. जागा नीट ध्यानात ठेवा, वहीत टिपून ठेवा आणि गुरुजींना, तलाठ्यांना ताबडतोब सांगा. सापडलेली वस्तू ज्याच्या हाती लागली त्याची एकट्याची नसते; जे आज आहेत आणि जे उद्या येणार आहेत, त्या सर्वांची ती असते. माझ्या कपाटातील ती घंटा आजही चकाकते. पण ती चकाकी पाहिली, की मला आनंद होत नाही. तुमच्यावर तशी पाळी येऊ नये, एवढ्याचसाठी हे लिहिले.